नवे शोध आणि दुसऱ्या वाटेने आलेला पुरावा

उत्तरध्रुव

गेल्या दहाएक वर्षांत भौतिकी, जीवशास्त्र आणि भूविज्ञान या तिन्ही क्षेत्रांत झालेल्या संशोधनापैकी कोणते निष्कर्ष टिकले, कोणते विरले आणि ते कशामुळे, याची सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. शोधांची जंत्री करण्याचा हेतू नाही. तशा याद्या दर डिसेंबरात भरपूर निघतात. मला कुतूहल आहे ते असे, की एखादा वाद आता मिटला असे त्या विषयातले जाणकार नेमके केव्हा म्हणू लागतात. माझा दावा असा आहे, की केवळ अचूकता वाढल्यामुळे मिटलेले वाद फार थोडे आहेत. बहुतेक वाद मिटले, ते पहिल्या मोजमापाशी काहीही देणेघेणे नसलेल्या दुसऱ्या वाटेने तेच उत्तर आले तेव्हा.

गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे प्रचंड वस्तुमानांच्या हालचालींमुळे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचे, उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतील वेधयंत्रणेच्या दोन केंद्रांनी पहिली लहर टिपली. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन ही केंद्रे एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहेत, त्यांच्या भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब आहेत, आणि त्या भुजांच्या लांबीत मोजलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा होता. दोन्हीकडे तोच आलेख सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने उमटला. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकत्र येऊन ६२ पट वस्तुमानाचे एक झाले, आणि उरलेले तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. हे सर्व चोख असले तरी दोन्ही उपकरणे एकाच बनावटीची होती, विश्लेषण करणारा गट एकच होता, आणि कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश बाहेर पडण्याची अपेक्षा नसल्याने बाहेरचा साक्षीदार मिळण्याची शक्यताही नव्हती.

तो साक्षीदार १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला. त्या दिवशी पोहोचलेली लहर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची होती. ती संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी या अवकाश दुर्बिणीला गॅमा किरणांचा स्फोट दिसला, आणि अकरा तासांच्या आत सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत एक नवा प्रकाशबिंदू सापडला. पुढे सुमारे सत्तर वेधशाळांनी त्याचा मागोवा घेतला. गुरुत्वीय लहरींचा वेग आणि प्रकाशाचा वेग यांत फरक असलाच, तर तो एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत दोन-तीन भागांहून मोठा नाही, हे त्या एका घटनेने ठरले. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनात जड मूलद्रव्ये तयार होतात, हे अनुमानही त्या प्रकाशाच्या वर्णपटात खरे ठरले; २०१९ मध्ये त्यात स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची खूण ओळखण्यात आली.

अवांतर म्हणून एक तपशील नोंदवतो. त्या दिवशी लिव्हिंगस्टनच्या नोंदीत नेमक्या त्याच वेळी उपकरणातील गोंगाटाचा मोठा झटका आला होता, आणि त्यामुळे स्वयंचलित यंत्रणेने तेथील संकेत बाजूला टाकला होता. माणसांनी नोंद पुन्हा उघडून पाहिली तेव्हा त्या गोंगाटाखाली लहर अगदी स्पष्ट दिसत होती.

सदस्यांनी आपापल्या विषयांतील उदाहरणे द्यावीत. माझ्या दाव्याच्या विरोधात जाणारी दिल्यास अधिक चांगले.

गारगोटी

दाव्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण भूविज्ञानातील दोन उदाहरणे दिल्यावर त्याला थोडी मुरड घालावी लागेल असे वाटते.

सप्टेंबर २०२३ मध्ये जगभरच्या भूकंपमापकांवर एक चमत्कारिक कंपन उमटले. भूकंपाच्या नोंदीत अनेक वारंवारतांची सरमिसळ असते. या नोंदीत एकच होती. दर ९२ सेकंदांनी एक आवर्तन, असे ते कंपन तब्बल नऊ दिवस चालले. इतक्या संथ, एकसुरी आणि दीर्घ कंपनाचा कोणताही ज्ञात स्रोत नव्हता, त्यामुळे संशोधकांनी सुरुवातीला त्याला 'अनोळखी भूकंपीय वस्तू' असे काहीसे थट्टेचे नाव दिले. त्याच सुमारास पूर्व ग्रीनलंडमधील एका दुर्गम फ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीत) मोठी त्सुनामी येऊन गेल्याची आणि सुमारे ७० किलोमीटर दूरच्या, त्या वेळी रिकाम्या असलेल्या संशोधन तळाचे नुकसान झाल्याची बातमी आली होती. हे दोन धागे जुळायला वर्ष लागले. १५ देशांतील ६८ संशोधकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेला उलगडा असा होता : १६ सप्टेंबर २०२३ रोजी डिक्सन फ्योर्डच्या काठावरचा डोंगरकडा कोसळला, कारण त्याला पायथ्याशी टेकू देणारी हिमनदी वर्षानुवर्षे पातळ होत गेली होती. सुमारे अडीच कोटी घनमीटर खडक आणि बर्फ पाण्यात आले, लाट काठावर सुमारे २०० मीटर उंचीपर्यंत चढली, आणि नंतर सुमारे २.७ किलोमीटर रुंदीच्या त्या चिंचोळ्या खाडीतले पाणी घंगाळात हिंदकळावे तसे या काठाकडून त्या काठाकडे हिंदकळत राहिले. खाडीच्या तळाचा आकार संगणकात घालून केलेल्या गणितातही ९२ सेकंदांच्या जवळपासचेच आवर्तन आले.

माझा मुद्दा यापुढचा आहे. पाण्याचे ते हिंदकळणे त्या काळात कोणीही पाहिलेले नव्हते. घटनेनंतर काही दिवसांतच एक लष्करी जहाज त्या खाडीत जाऊन आले होते, आणि त्यावरील लोकांनाही काही जाणवले नव्हते, कारण दीड मिनिटात एकदा संथपणे वरखाली होणारे पाणी जहाजावरून लक्षात येत नाही. जून २०२५ मध्ये पाण्याच्या पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या स्वॉट या उपग्रहाच्या मोजमापांतून तो पुरावा आला. उपग्रह खाडीवरून गेला तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागाला एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे दोन मीटरपर्यंतचा उतार होता, आणि वेगवेगळ्या फेऱ्यांत त्या उताराची दिशा बदललेली होती. उत्तरध्रुव यांच्या व्याख्येप्रमाणे वाद येथे मिटला असे म्हणावे लागेल. वस्तुतः भूकंपशास्त्रज्ञांपैकी बहुतेकांनी तो २०२४ मध्येच मिटला असे मानले होते, कारण खाडीच्या आकारावरून निघालेले आवर्तन आणि हजारो किलोमीटरवर नोंदलेले आवर्तन यांच्या मेळाला दुसरे कोणतेही स्पष्टीकरण पुरत नव्हते. तेव्हा स्वतंत्र गणित हीदेखील दुसरी वाट धरावी का, हे ठरवले पाहिजे.

दुसरे उदाहरण पृथ्वीच्या अंतर्गाभ्याचे. डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये त्याचे अस्तित्व दाखवले. सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीवर सुरू होणारा, १,२२० किलोमीटर त्रिज्येचा हा घन गोळा बाह्यगाभ्याच्या द्रवात सुटा असल्याने उरलेल्या पृथ्वीपेक्षा वेगळ्या गतीने फिरत असावा, असे १९९६ पासून सांगितले जात होते. किती वेगाने, कोणत्या दिशेने, आणि मुळात फिरतो तरी का, यावर मात्र पंचवीस वर्षे एकमत झाले नाही. काहींच्या मते गोळा फिरत नसून त्याच्या पृष्ठभागाचा आकार बदलतो, आणि तेवढ्यानेच भूकंपलहरींतील फरक समजावता येतो.

ही कोंडी २०२४ मध्ये ज्या युक्तीने फुटली ती मला फार आवडते. अटलांटिकच्या दक्षिणेकडील साउथ सँडविच बेटांजवळ त्याच जागी, त्याच आकाराचे भूकंप पुन्हा पुन्हा होतात. १९९१ ते २०२३ या काळातील अशा १२१ भूकंपांच्या नोंदी घेऊन संशोधकांनी अंतर्गाभ्यातून आरपार गेलेल्या लहरींचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. काही वर्षांच्या अंतराने झालेल्या भूकंपांत आलेख बदलत गेलेला होता, पण पुढे एका टप्प्यावर तो पुन्हा जुन्या आलेखाशी तंतोतंत जुळू लागला. गोळा एका दिशेने सरकत गेला आणि साधारण २०१० च्या सुमारास, उरलेल्या पृथ्वीच्या तुलनेत, आल्या वाटेने अधिक संथ गतीने परतू लागला, असे मानले तरच हे जुळते. केवळ आकार बदलत असता तर जुना आलेख हुबेहूब परत येण्याचे कारण नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच गटाने आणखी बारकाईने पाहिले, तेव्हा गोळा त्याच स्थितीत परत आल्यावरही काही लहरींत थोडा फरक उरतो असे दिसले. म्हणजे त्याच्या पृष्ठभागाजवळ आकारही बदलत असावा. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर ठरण्याची पाळी विज्ञानात क्वचित येते.

येथे उपकरण तेच, पद्धत तीच आणि बराचसा विदाही (डेटाही) जुनाच होता. दुसरी वाट कोठेच नव्हती. वाद मिटला तो तुलना कशाशी करायची हे बदलल्यामुळे.

साशंक

गारगोटी यांचा शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा आहे. मी उलट टोकाचे उदाहरण देतो, ज्यात दुसरी वाट आली आणि तिने प्रश्न सोडवण्याऐवजी तो दुसऱ्याच खोलीत नेऊन ठेवला.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊबंद. चुंबकीय क्षेत्रात तो किती वेगाने डोलतो हे एका संख्येवरून ठरते, आणि ती संख्या दोनपेक्षा किंचित मोठी असते. हा किंचितपणा निर्वात पोकळीत क्षणभर उमटून मावळणाऱ्या सर्व कणांमुळे येतो, म्हणून तो अत्यंत काटेकोरपणे मोजला तर आजवर न सापडलेल्या कणांचीही चाहूल लागू शकते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००१ मध्ये या मोजमापात सिद्धान्ताने सांगितलेल्या किमतीशी पहिली विसंगती दिसली. २०१३ मध्ये तेथले सुमारे १५ मीटर व्यासाचे चुंबकीय कडे न मोडता, समुद्रमार्गे आणि रस्त्याने, शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत नेण्यात आले. एप्रिल २०२१ मध्ये तेथील पहिल्या निकालाने जुनी विसंगती कायम ठेवली आणि दोन्ही मिळून फरक ४.२ सिग्मांवर गेला (फरक निव्वळ योगायोगाचा नाही याची खात्री सिग्मांत मोजतात; शोध म्हणायला पाच लागतात). नवे भौतिकशास्त्र दारात उभे आहे, अशा मथळ्यांचा तो आठवडा होता.

ज्या दिवशी तो निकाल जाहीर झाला, त्याच दिवशी एका वेगळ्या गटाचा सैद्धांतिक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याकडे मथळ्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. सैद्धांतिक किंमत काढताना सर्वांत त्रासदायक भाग क्वार्कांच्या, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या मूलकणांच्या, परिणामाचा असतो. तो काढण्याची रूढ रीत अशी, की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींची प्रायोगिक मोजमापे घेऊन त्यांतून उत्तर गाळायचे. या गटाने तसे न करता अवकाश आणि काळ यांची जाळी कल्पून, मूळ समीकरणांवरून महासंगणकावर थेट गणित केले, आणि त्यांचे उत्तर प्रयोगाच्या बरेच जवळ आले. पुढील चार वर्षांत इतर गटांनी जाळीवरची गणिते स्वतंत्रपणे केली व ती एकमेकांशी जुळली. २०२५ मध्ये सिद्धान्तकारांच्या सामूहिक अहवालाने हीच किंमत अधिकृत धरली. ३ जून २०२५ रोजी फर्मीलॅबचा अंतिम निकाल आला, तेव्हा मोजमापाची अचूकता अब्जात १२७ भाग इतकी झाली होती आणि सिद्धान्ताशी विसंगती उरली नव्हती.

येथे प्रयोग पहिल्यापासून बरोबर होता. ब्रुकहेवनची आणि फर्मीलॅबची मोजमापे एकमेकांशी जुळली, म्हणजे उत्तरध्रुव यांच्या निकषावर बोलायचे तर पुष्टी मिळाली होती. पण ती पुष्टी मोजलेल्या संख्येची होती. मथळ्यातला दावा त्या संख्येचा नव्हता; तो दोन संख्यांमधील फरकाचा होता, आणि शंका घेण्यासारखी जागा दुसऱ्या संख्येत होती. शिवाय कोडे पुरते सुटलेलेही नाही. टकरींच्या मोजमापांवर आधारलेली जुनी रीत आणि जाळीवरचे गणित यांची उत्तरे वेगवेगळी का येतात, हे कोणी समाधानकारकपणे सांगितलेले नाही. त्यातच २०२३ मध्ये नोवोसिबिर्स्क येथील सीएमडी-३ या प्रयोगाने टकरींचीच जी नवी मोजमापे दिली, ती आधीच्या मोजमापांशी जुळत नाहीत.

पेशीजाल

जीवशास्त्रात परिस्थिती निराळी आहे, कारण येथे पुष्कळदा पुरावा हातात असूनही तो कशाचा पुरावा आहे हेच ठाऊक नसते.

१९९८ मध्ये जोनाथन झेर यांच्या गटाला प्रशांत महासागराच्या पाण्यात डीएनएचा एक लहान तुकडा सापडला. हवेतील नायट्रोजन वापरण्याजोगा करणाऱ्या एखाद्या अनोळखी जिवाणूचा तो असावा, इतकेच त्यावरून कळत होते. पुढे त्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला, तेव्हा तो नीलहरित गटातला असूनही प्रकाशसंश्लेषणाची अर्धी यंत्रणा गमावून बसलेला निघाला. असा जीव एकट्याने जगू शकत नाही. तो कोणा एका शैवालाच्या आश्रयाने राहत असणार, हे उघड होते. ते शैवाल जिवंत ठेवून वाढवता येईना. दुसरीकडे, जपानच्या कोची विद्यापीठातील पुराजीवशास्त्रज्ञ क्योको हागिनो याच शैवालाच्या मागे, अगदी वेगळ्या कारणासाठी, दहा वर्षांहून अधिक काळ लागल्या होत्या. पाण्याचे नमुने घेण्यासाठी तीनशेहून अधिक सफरी केल्यावर त्यांना ते प्रयोगशाळेत वाढवणे साधले.

ते साधल्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. क्ष-किरणांच्या साहाय्याने पेशीचे त्रिमितीय चित्रण केले असता, शैवालाची पेशी दुभंगताना आतला जिवाणूही ठरलेल्या क्रमाने दुभंगतो आणि प्रत्येक कन्यापेशीत एकेक जातो, असे दिसले. त्याच्या प्रथिनांची यादी तपासली असता, त्यांतील मोठा हिस्सा यजमान पेशीच्या जनुकांवरून बनतो आणि पत्ता लिहिल्यासारखी खूण लावून आत पाठवला जातो, असे आढळले. एप्रिल २०२४ मध्ये त्याला जिवाणू न म्हणता पेशीचे अंगक, म्हणजे तिचाच एक कार्यकारी भाग, म्हणावे, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि नायट्रोप्लास्ट हे नाव रूढ झाले. तंतुकणिका आणि हरितलवके (हीदेखील एके काळी स्वतंत्र जिवाणूच होती) यांच्या उत्पत्तीसारखी घटना सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात कालपरवा, पुन्हा घडली होती. नायट्रोजन स्थिर करण्याचे काम फक्त जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव) करतात, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य त्यामुळे बदलावे लागणार आहे.

ही खरोखर दुसरी वाट होती का? चित्रण आणि प्रथिनांची यादी या दोन पद्धतींचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून होती. तरीही माझ्या मते निर्णायक पायरी पद्धतीची नव्हती. जीव वाढवता आला, ही होती. जीवशास्त्रातल्या कितीतरी प्रश्नांत पुराव्याचा तर्क अडलेला नसतो. एखादा हट्टी जीव काचपात्रात जगायला तयार नसतो, एवढेच अडलेले असते.

प्रथिनांच्या घडणीबद्दल थोडक्यात. प्रथिनांचे आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने २०२० च्या स्पर्धेत दाखवलेली कामगिरी आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल सर्वांना माहीत आहे, त्यामुळे त्याची उजळणी करीत नाही. गारगोटी यांनी गणिताला वाट मानावे का असे विचारले आहे, त्याला येथे चांगले उत्तर मिळते. पेशीकेंद्रकाच्या आवरणातील छिद्रसंकुल हे सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांच्या हजारभर प्रतींनी बनलेले असते. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचा ढोबळ आकार कळला होता, पण कोणते प्रथिन कोठे बसते हे निम्म्याहून अधिक ठिकाणी अंधारात होते. २०२२ मध्ये संगणकाने वर्तवलेले प्रथिनांचे आकार त्या ढोबळ आकारात बसवून पाहिले, तेव्हा मानवी संकुलाच्या सांगाड्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उलगडला. आकार बसले याचाच अर्थ दोन्ही बाजूंची परीक्षा एकदम झाली. मात्र अल्फाफोल्ड स्वतः ज्ञात रचनांवर शिकलेले असल्याने, ज्या प्रथिनांसारखे काहीच पूर्वी पाहिलेले नाही, किंवा ज्यांना ठरावीक घडणच नसते, त्यांच्याबाबत त्याच्या उत्तराला स्वतंत्र साक्ष म्हणता येणार नाही.

आता माझी खरी अडचण. मे २०२५ मध्ये एका अर्भकावर केलेल्या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याच्या यकृतात अमोनियाचा निचरा करणारे एक विकर तयार होत नव्हते. सुमारे तेरा लाखांत एकाला होणारा हा आजार, आणि त्यातही त्या बाळातील जनुकीय चूक त्याची एकट्याची. ती एकच चूक दुरुस्त करणारे औषध सहा महिन्यांत तयार करून, मेदाच्या सूक्ष्म कणांत भरून, तीन वेळा देण्यात आले. बाळ पूर्वीपेक्षा अधिक प्रथिने पचवू लागले आणि अमोनिया काढणाऱ्या औषधाची मात्रा निम्म्यावर आणता आली. यकृताचा तुकडा काढून किती पेशी दुरुस्त झाल्या हे पाहणे धोक्याचे असल्याने ते केले नाही, आणि ते योग्यच होते. येथे तुलनेसाठी दुसरा रुग्ण नाही आणि कधी मिळणारही नाही. सिकल सेल या रक्तविकारावरील क्रिस्पर (जनुक-संपादनाच्या) उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा ३१ पैकी २९ रुग्णांना सलग बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही, असा आकडा दाखवता आला होता. एका बाळाच्या बाबतीत असा आकडा कोठून आणणार?

उत्तरध्रुव

पेशीजाल यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. एका रुग्णातही काळाची तुलना करता येते : प्रत्येक मात्रेनंतर प्रथिने पचवण्याची क्षमता पायरीपायरीने वाढली, तर ती आपोआप सुधारण्यापेक्षा वेगळी दिसते. दुसरे असे, की वाहक कण तेच ठेवून फक्त दुरुस्तीची सूचना बदलत अनेक रुग्णांवर उपचार झाले, तर परीक्षा त्या पद्धतीची होईल, एकेका औषधाची नव्हे. ही तडजोड आहे, हे मान्य.

साशंक यांचा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मला पटतो. दुसरी वाट स्वतंत्र असून भागत नाही. ती जेथे शंका आहे तेथून जाणारी हवी.

अंशुमाली

चर्चा वाचतो आहे आणि एक विचारावेसे वाटते. समुद्रतळाशी सूर्यप्रकाशाशिवाय प्राणवायू तयार होतो, आणि के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडली, अशा दोन बातम्या गेल्या काही काळात फार गाजल्या. वर मांडलेल्या कसोटीवर त्या कोठे बसतात, हे जाणकारांनी सांगावे.

गारगोटी

समुद्रतळाचे मी सांगते, कारण साशंक यांचा मुद्दा त्याच्याइतका दुसरीकडे कोठे स्पष्ट दिसेल असे वाटत नाही.

प्रशांत महासागरात क्लॅरिअन-क्लिपर्टन या पट्ट्यात सुमारे ४,००० मीटर खोलीवर मँगनीजयुक्त धातूंचे बटाट्याएवढे गोळे पसरलेले आहेत. तळावर एक बंदिस्त पेटी दाबून ठेवायची आणि आतल्या पाण्यातला प्राणवायू किती वेगाने कमी होतो हे मोजायचे, अशी रूढ पद्धत आहे, कारण तळातले जीव तो वापरत असतात. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटले होते, की येथे प्राणवायू कमी होण्याऐवजी वाढला. संशोधकांना आधी संवेदकच बिघडले असावेत असे वाटले, म्हणून त्यांनी विंकलरच्या रासायनिक पद्धतीनेही पाणी तपासले, आणि तेच उत्तर आले. गोळ्यांच्या पृष्ठभागावर ०.९५ व्होल्टपर्यंत विद्युतदाब मोजल्याने, त्यामुळे पाण्याचे विघटन होत असावे असे सुचवण्यात आले.

संवेदक आणि विंकलर या दोन पद्धती पूर्ण स्वतंत्र आहेत, म्हणून वरवर पाहता कसोटी पार पडली. पण दोन्हींनी मोजले त्याच पेटीतले पाणी. त्या पाण्यात प्राणवायू अधिक होता, एवढे त्यांनी सिद्ध केले. तो कोठून आला, हा प्रश्न तसाच राहिला, आणि टीकाकारांची शंका नेमकी तीच आहे : पेटी खाली नेताना हवेचे बुडबुडे आत अडकले असतील तर दोन्ही पद्धती वाढच दाखवतील. शिवाय समुद्राच्या पाण्यातून प्राणवायू मुक्त करायला सुमारे दीड व्होल्ट लागतात, आणि ही ऊर्जा गोळ्यांना सतत कोण पुरवतो, हेही अनुत्तरित आहे. पेटीशिवाय केलेले मोजमाप, किंवा निघालेल्या प्राणवायूच्या समस्थानिकांवरून त्याचा उगम ओळखणे, या दिशेने पुरावा आला तर मी तो गंभीरपणे घेईन. त्या पट्ट्यात खाणकाम करण्यास उत्सुक असलेल्या कंपन्यांनी या निष्कर्षाला विरोध केला आहे, आणि त्यांचे हितसंबंध उघड आहेत. तरीही बुडबुड्यांचा आक्षेप तेवढ्याने खोटा ठरत नाही.

साशंक

के२-१८बी बद्दल लिहिण्यासारखे कमी आहे. १२४ प्रकाशवर्षांवरील या ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड हा, पृथ्वीवर मुख्यतः सागरी जीवांमुळे तयार होणारा रेणू असल्याचा दावा एप्रिल २०२५ मध्ये तीन सिग्मांच्या बळावर करण्यात आला. इतर गटांनी तोच विदा वेगळ्या गृहीतकांनी तपासला, तेव्हा रेणूची खूण गोंगाटापासून वेगळी काढता आली नाही. समजा उद्या तो रेणू निर्विवादपणे सापडला, तरी तो ६७पी या धूमकेतूवर आढळलेला आहे आणि प्रयोगशाळेत जीवसृष्टीशिवायही बनतो. म्हणजे शंकेच्या जागा दोन आहेत, आणि दुर्बिणीचा वेळ कितीही वाढवला तरी दुसरी जागा त्याने भरणार नाही.

एक प्रतिउदाहरण देतो, ज्यात दुसरी वाट विलक्षण लवकर आली. जुलै २०२३ मध्ये एलके-९९ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिसंवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा) असल्याचा दावा झाला, आणि तो बनवण्याची कृती इतकी सोपी होती की जगभरच्या प्रयोगशाळांनी तो लगोलग बनवला. सुमारे १०४ अंश सेल्सिअसला रोध एकदम कोसळतो, हा मूळ दाव्यातला मोठा पुरावा होता. नमुन्यात राहिलेल्या कॉपर सल्फाइडची स्फटिकरचना नेमकी त्याच तापमानाला बदलते, हे काही आठवड्यांतच दाखवण्यात आले. त्या अशुद्धीशिवाय वाढवलेले शुद्ध स्फटिक चक्क विद्युतरोधक निघाले. याउलट, आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूचा २०१० मधील दावा २०१२ मध्येच दोन प्रयोगशाळांनी खोडून काढला होता, आणि नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला जुलै २०२५ मध्ये, तोही लेखकांच्या विरोधाला न जुमानता.

पेशीजाल

आर्सेनिकच्या प्रकरणात लबाडीचा आरोप नव्हता, हे येथे नोंदवले पाहिजे. निष्कर्षाला पुरावा पुरत नाही, एवढ्या कारणावरून निबंध मागे घ्यावा का, यावर जीवशास्त्रज्ञांत अजून दुमत आहे. माझे मत विचाराल तर, खोडून काढणारे निबंध शेजारी उभे असताना मूळ निबंध तसाच राहू द्यायला हरकत नव्हती. चूक कशी पारखली गेली हे शिकवायला तो उपयोगी पडला असता.

अंशुमाली

दोघांचेही आभार. जाता जाता आणखी एक विचारतो : विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा क्षीण होत आहे, हा डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष या कसोटीला उतरतो का?

साशंक

हा प्रश्न सर्वांत ताजा आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

डेसी हे उपकरण अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील दुर्बिणीवर बसवलेले असून, त्यातले ५,००० छोटे यांत्रिक हात प्रकाशतंतू एकेका दीर्घिकेवर रोखतात. विश्वाच्या बाल्यावस्थेत द्रव्यात उमटलेल्या ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत आजही शिल्लक आहे, आणि त्या ठशाची लांबी ठाऊक असल्याने तो मोजपट्टीसारखा वापरून विश्व कोणत्या काळी किती वेगाने प्रसरण पावत होते हे काढता येते. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात १.४ कोटींहून अधिक दीर्घिका व क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे) होते. केवळ डेसीचा विदा घेतला तर कृष्ण ऊर्जा स्थिर आहे, हे साधे प्रारूप मोडत नाही. त्याला विश्वाच्या आदिम प्रारणाची मोजमापे आणि अतिनवताऱ्यांची, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांची, अंतरे जोडली, की कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते हा पर्याय सरस ठरू लागतो, आणि त्याचे बळ, अतिनवताऱ्यांची कोणती यादी घेतली यावर, २.८ ते ४.२ सिग्मांच्या दरम्यान बदलते.

वाटा तीन आहेत आणि तिन्ही खऱ्या अर्थाने स्वतंत्र आहेत, तेव्हा वरवर पाहता उत्तरध्रुव यांचा मूळ निकष पूर्ण होतो. परंतु त्या तिन्ही एकाच उत्तरापाशी येऊन भेटलेल्या नाहीत. स्थिर कृष्ण ऊर्जा गृहीत धरल्यास त्यांची उत्तरे एकमेकांशी किंचित विसंगत येतात, आणि ती विसंगती मिटवण्यासाठी कृष्ण ऊर्जा बदलती मानावी लागते, असा युक्तिवाद आहे. म्यूऑनच्या वेळीही दावा दोन संख्यांमधील फरकावरच उभा होता. एखाद्या वाटेत थोडी जरी पद्धतशीर चूक असली तरी हेच चित्र दिसेल, आणि तशी चूक असलीच तर ती शोधण्याची पहिली जागा अतिनवताऱ्यांची, कारण जवळचे अतिनवतारे जुन्या, निरनिराळ्या सर्वेक्षणांतून आलेले आहेत आणि दूरचे नव्या कॅमेऱ्यांतून. या दोन टोकांच्या तेजस्वितेत शेकडा काही भागांचा मेळ चुकला, तर निष्कर्ष डळमळू शकतो.

म्हणून डेसीच्या पुढच्या निकालापेक्षा मला चिलीतील रुबिन वेधशाळेची अधिक उत्सुकता आहे. जून २०२५ मध्ये तिची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. तिचा ३,२०० मेगापिक्सेलचा एकच कॅमेरा जवळचे आणि दूरचे, दोन्ही प्रकारचे अतिनवतारे मोठ्या संख्येने टिपणार आहे, त्यामुळे दोन टोके जोडताना पडणारा सांधा बराचसा नाहीसा होईल. ती यादी घेऊनही स्थिर कृष्ण ऊर्जेशी विसंगती उरली, तर हा दावा २०२१ च्या म्यूऑनपेक्षा बऱ्याच भक्कम पायावर उभा असेल. तोवर २.८ धरावे की ४.२, याचे उत्तर कोणत्या यादीवर भरवसा ठेवायचा यावरच अवलंबून राहील.